आधी सीट, मग सायलेन्सर

आमच्या कॉलेजच्या पार्किंगमध्ये माझी गाडी ओळखायला नंबर बघावा लागत नाही. सीट बघायची. बाकीच्या गाड्यांची सीट कमरेला खळगा पडलेली, मागं उचललेली. माझी सपाट, रुंद, घरातल्या गादीसारखी. मागचा भाग उलटा खाली उतरलेला. ‘काय रे, दिवाण बसवलास काय?’ हा प्रश्न मला आठवड्यातून दोनदा तरी येतो. विचारणाऱ्याची उंची साडेपाच फूट असते. त्याला मी एकच सांगतो, बाबा, तुझे पाय माझ्याएवढे असते तर तू पलंगच बसवला असतास.

माझी उंची सहा फूट दोन इंच. त्यात धड बेताचं आणि पाय लांब. शाळेत कबड्डीला याचा उपयोग झाला, एस.टी.त आणि आमच्या वायव्य कर्नाटकच्या बसमध्ये कधीच झाला नाही. गुडघे पुढच्या सीटच्या पत्र्यात. म्हणून सेकंडहँड साडेतीनशे सीसीची गाडी घेतली तेव्हा वाटलं, सुटलो. निपाणी ते बेळगाव पाऊणशे किलोमीटर, शनिवारी घरी, सोमवारी सकाळी परत. मध्ये कधी आंबोली, कधी चोर्ला घाट. महिनाभरात लक्षात आलं की बसमधून सुटलो आणि गाडीवर अडकलो. संकेश्वरपर्यंत ठीक. हत्तरगीचा टोलनाका आला की उजवा गुडघा बोलायला लागायचा. काकतीला पोचेपर्यंत मांडीखालून मुंग्या. कॉलेजच्या गेटात उतरताना पाय सरळ व्हायला चार पावलं लागायची, आणि वॉचमन मामा म्हणायचे, ‘आजोबा आले.’

हे लिहायचं कारण माझं गुडघेपुराण नाही. परवा प्रथम वर्षातला एक मुलगा विचारायला आला. माझ्यापेक्षाही इंचभर उंच. घरून पैसे मिळालेत, गाडीला काय काय करू? त्याच्या यादीत पहिला होता सायलेन्सर. मग एल.ई.डी. दिवे, मग रंगीत आरसे, मग कसली तरी इंग्रजी अक्षरं. सीटचं नाव नाही. मला राग आला. त्याच्यावर नाही, आपण सगळेच गाडीकडे ज्या नजरेनं बघतो त्या नजरेवर. गाडी बाहेरून कशी दिसते आणि कशी वाजते याचा आम्ही विचार करतो. तिच्यावर बसणाऱ्या माणसाचा नाही.

गाडी घ्यायला गेल्यावर शोरूममध्ये प्रश्न एकच असतो. पाय टेकतात काय? बुटक्या माणसाला तो रास्त आहे. टाचा टेकल्या नाहीत तर सिग्नलला गाडी कलते. उंच माणसाचे दोन्ही तळवे सपाट टेकतात, गुडघेही वाकलेले राहतात, आणि सेल्समन म्हणतो, ‘सर, तुमच्यासाठीच बनलीय.’ पण गाडी उभी असताना पाय जमिनीवर असतात. चालताना ते फूटरेस्टवर असतात. खरा प्रश्न जमीन ते सीट हा नाहीच, फूटरेस्ट ते सीट हा आहे. आणि गंमत बघा, माहितीपत्रकात पहिलं अंतर मिलिमीटरमध्ये छापलेलं असतं, दुसरं सहसा नसतंच.

छापलेले आकडे तरी बघू. स्प्लेंडर प्लसची सीट ७८५ मिलिमीटरवर. क्लासिक ३५० ची ८०५. २०२३ च्या नव्या हिमालयनची ८२५, आणि ती वर करून ८४५ करता येते. २०२० ला आलेल्या केटीएम ३९० ॲडव्हेंचरची ८५५. उलट ॲव्हेंजर क्रूझची ७३७ आणि मिटिओर ३५० ची ७६५. नुसत्या आकड्यांवर गेलं तर उंच माणसानं ॲव्हेंजरजवळ उभंसुद्धा राहू नये. प्रत्यक्षात तिच्यावर माझे पाय कितीतरी मोकळे राहतात, कारण फूटरेस्ट पुढे आहेत. म्हणजे सीटची उंची हा एकटा आकडा काहीच सांगत नाही. अर्थात क्रूझरचं दुसरं दुखणं आहे. पाय पुढे, म्हणजे सगळं वजन माकडहाडावर. खड्डा आला की फूटरेस्टवर उभं राहून तो सोडून देता येत नाही. आपल्या भागातल्या पावसाळ्यानंतरच्या रस्त्यांवर हे किती महागात पडतं ते जांबोटीकडून गेलेल्यांना विचारा.

भारतीय पुरुषाची सरासरी उंची साधारण १६५ सेंटीमीटर, म्हणजे पाच फूट पाच इंच. कंपन्या त्या मापाला शिवतात यात त्यांची चूक नाही, शिंपीसुद्धा तयार कपडे तसेच शिवतो. पण तयार पँट लांडी झाली तर आपण शिंप्याकडे जाऊन दुमड सोडून घेतो. गाडी लांडी झाली तर मात्र आपण गुडघे दुमडतो. जुन्या काळी राजदूतची ती छोटी जी.टी.एस. होती, ‘बॉबी’ सिनेमामुळं सगळे तिला बॉबीच म्हणत. आमचे एक काका, तेही माझ्याच साच्यातले, ती चालवायचे. त्यांचा एक फोटो आहे. गुडघे हँडलच्या वर, चेहरा मात्र ऋषी कपूरचा. घरात सगळे हसतात. मी हसायचो. आता हसत नाही.

गुडघा फार वेळ काटकोनात किंवा त्याहून जास्त मुडपून ठेवला की वाटी मांडीच्या हाडावर दाबली जाते. सिनेमागृहात तीन तास बसून उठताना जो कळतो तोच हा त्रास, इंग्रजीत तर त्याला सिनेमा बघणाऱ्याचा गुडघा असंच नाव आहे. सिनेमात निदान पाय बाजूला काढता येतो. गाडीवर उजव्या पायाखाली मागचा ब्रेक असतो आणि डाव्या पायाखाली गिअर. मुंग्या आलेला पाय ब्रेकवर वेळेत पडेल याची खात्री कोण देणार? म्हणून हा नुसता आरामाचा विषय नाही.

मी पहिल्यांदा जे केलं ते चुकीचं होतं. सगळे करतात तेच. क्रॅशगार्डला पुढे जादा फूटरेस्ट लावले, हायवे पेग म्हणतात ते. पाय पुढे सोडून बसलं की काय सुख! सोफ्यावर बसल्यासारखं. कणगल्यापर्यंत मी गाणी म्हणत आलो. परत येताना एका संध्याकाळी तवंदी घाटात, निपाणी जवळ आलेली, पुढच्या ऊसाच्या ट्रॅक्टरनं एकदम वेग कमी केला. मागचे दिवे नाहीत, रिफ्लेक्टर नाही. माझे दोन्ही पाय क्रॅशगार्डवर. पुढचा ब्रेक हातानं दाबला, पण मागच्या ब्रेकवर पाय आणायला जो क्षण गेला, तो क्षण मला अजून आठवतो. साठच्या वेगात एका सेकंदात गाडी साधारण सतरा मीटर जाते. ट्रॉलीतून लोंबणारा ऊस हेल्मेटला घासला. एवढंच झालं. दुसऱ्या दिवशी ते पेग काढले आणि आजतागायत लावले नाहीत. मोकळ्या, सरळ, रिकाम्या रस्त्यावर ते ठीक आहेत असं म्हणणारे खूप भेटतात. त्यांना मी विचारतो, आपल्याकडे असा रस्ता कुठाय? एन.एच. ४८ वर उलट्या बाजूनं येणारी म्हैससुद्धा भेटते.

मग सीटकडे आलो. बेळगावात सीट शिवणाऱ्यांची दुकानं शोधावी लागत नाहीत, पण बरा कारागीर शोधावा लागतो. मला मिळालेले चाचा साठीचे असतील. उर्दू घरची, मराठी गिऱ्हाइकाशी, कन्नड पोराशी, तिन्ही एका वाक्यात. मी म्हटलं, सीट वाढवायचीय. त्यांनी टेपकडे हात नेला आणि विचारलं, ‘एष्टु इंच?’ मी म्हटलं, तीन. ते हसले. ‘तीन इंच वाढवून तू काय झेंडा लावणार? बस आधी गाडीवर.’

बसलो. त्यांनी मला पाच मिनिटं बसवून ठेवलं, मुद्दाम. पोराला चहा आणायला पाठवलं. चहा येईपर्यंत मी नकळत पुढे घसरून टाकीला टेकलो होतो. ‘बघितलास?’ ते म्हणाले. ‘सीटला खळगा हाय. तू त्यात पडतोस. उंचीचा प्रश्न नाही, जागेचा हाय. तुला मागं सरकू देत नाही ती.’

हे मला कुठल्याच व्हिडिओत कुणी सांगितलं नव्हतं. बहुतेक गाड्यांची सीट पुढच्या माणसाला एका जागी धरून ठेवणारी असते. बेताच्या उंचीच्या माणसाला त्या वाटीत आधार मिळतो. लांब पायांच्या माणसाला ती पुढे खेचते आणि गुडघा आणखी मुडपतो. खळगा भरून सीट सपाट केली की दोन इंच मागं बसता येतं, आणि दोन इंच मागं म्हणजे गुडघ्याचा कोन लगेच उघडतो. त्यावर इंच-सव्वा इंच उंची. तीन इंच कधीच नको. वजन वर जातं, वळणावर गाडी जड लागते, आणि हँडल एकदम खाली गेल्यासारखं वाटून पाठ वाकते.

दुसरी गोष्ट फोमची. आपल्याला वाटतं मऊ म्हणजे आरामाचं. चाचांनी दोन तुकडे दिले हातात. एक दाबला की बोट खालच्या फळीला टेकलं. दुसरा घट्ट, तुकडे चिकटवून केलेला रिबॉन्डेड फोम. ‘मऊवाली दुकानात छान लागते. अर्ध्या तासात बसते. मग तू पत्र्यावर.’ खाली घट्ट थर, वर बोटभर मऊ थर, हा त्यांचा हिशेब. पुढची टोकं मात्र त्यांनी तासून अरुंद केली, मांडीच्या आतल्या बाजूला कड घासू नये म्हणून. शिलाई वरून नको, बाजूनं, आणि आतून चिकटपट्टी. आंबोलीच्या पावसात एकदा का शिलाईतून पाणी आत गेलं की फोम दोन दिवस वाळत नाही, आणि कॉलेजमध्ये ओल्या पँटीनं बसण्याचा अपमान वेगळाच.

आणखी एक शहाणपण त्यांचंच. माझी मूळ सीट त्यांनी कापली नाही. ‘भंगारात जा, दुसरी आण. फाटकी असली तरी चालते, खालचा सांगाडा चांगला बघ.’ मी आणली. सगळं मिळून दोन हजारांच्या आत बसलं. आमच्या त्या प्रथम वर्षातल्या मित्राचा सायलेन्सर याच्या तिप्पट किमतीचा आहे. असे सायलेन्सर पोलिसांनी रस्त्यावर मांडून रोलरखाली चिरडल्याच्या बातम्या अधूनमधून पेपरात येतात. सीट रोलरखाली घातल्याची बातमी मी अजून वाचली नाही.

सीट झाली की बाकीच्या गोष्टी आपोआप पुढे येतात, कारण माणूस गाडीला तीन ठिकाणी चिकटलेला असतो. बूड, पाय, हात. एक हलवलं की उरलेली दोन तक्रार करतात. मागं आणि वर बसल्यामुळं हँडल लांब गेलं. त्याला रायझर लागतो, हँडलच्या क्लॅम्पखाली अल्युमिनियमचे ठोकळे. हे ऑनलाइन मागवायची काही गरज नाही. उद्यमबागेत हायड्रॉलिकचे आणि मोटारींचे पार्ट काटेकोर मापात कातणारी माणसं आहेत. ज्या गावात एवढ्या फौंड्र्या आणि लेथ आहेत त्या गावच्या पोरांनी दोन ठोकळ्यांसाठी कुरिअरची वाट बघायची, हे मला पटत नाही. फक्त बोल्ट हायटेन्साइल घ्यायचे आणि लांबी वाढवून घ्यायची, जुनेच अर्ध्या आट्यांवर पकडून चालवायचं नाही. आणि हँडल वर गेलं की क्लच, ॲक्सिलरेटरच्या वायरी ताणतात. गाडी चालू ठेवून, न्यूट्रलमध्ये, हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवून बघायचं. इंजिनचा आवाज आपोआप वाढला तर वायर ताणली आहे. तशी गाडी घेऊन रस्त्यावर जायचं नाही.

गिअरचा दांडा आणि ब्रेकची पट्टी लोक विसरतात. लांब पायाबरोबर लांब पाऊलही येतं. माझा बूट अकरा नंबरचा, आणि टाच-बोट दोन्हीकडं पट्टी असलेल्या गिअरमध्ये तो मावतच नव्हता. मागची पट्टी टाचेत घुसायची. गिअरचा दांडा दात्यांवर बसवलेला असतो, तो एक दाता फिरवला की पुढचं टोक वर किंवा खाली होतं. मेकॅनिक हे दहा मिनिटांत करतो आणि चहाचे पैसे घेतो. ब्रेकची पट्टी वरखाली केली तर मागचा लाल दिवा कधी लागतो तेही तपासायचं.

फूटरेस्ट खाली करण्याबद्दल मात्र माझं मत कडक आहे. वेल्डिंग करून, पट्ट्या जोडून फूटरेस्ट खाली घेणारे मी बघितलेत. चोर्ल्याच्या वळणांवर गाडी कलली की तेच आधी रस्त्याला लागतात, आणि वेल्डिंग तुटलं तर पाय हवेत. त्या गाडीसाठीच तयार मिळणारे, मूळ जागी बसणारे थोडे खाली असलेले फूटरेस्ट असतील तर ठीक. नाहीतर सोडून द्यावं. कायद्याचंही आहे. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम सांगतं की नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकानं गाडीत करू नये, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानंही त्यावर कडक बोट ठेवलं. फोमची जाडी आर.सी.वर लिहिलेली नसते. पण चेसिसला हात लावायचा नाही हे डोक्यात पक्कं पाहिजे. आम्हा केए २३ वाल्यांना तर कागलला एक पोलीस आणि कोगनोळीला दुसरा. एका भाषेत समजावून सुटलं तर दुसऱ्या भाषेत परत सुरुवात.

इथपर्यंत सगळं माझ्या मापाचं झालं. मग आई.

सीट करून पहिल्या शनिवारी घरी गेलो. रविवारी आईला घेऊन गडहिंग्लजला मामाकडं जायचं होतं. आई पाच फुटांची, साडी, एका बाजूला बसणार. तिनं गाडीकडं बघितलं, पदर खोचला, एक पाय फूटरेस्टवर ठेवला आणि थांबली. परत प्रयत्न केला. मग म्हणाली, ‘तू जा. मी बसनं येते.’ आवाजात राग नव्हता, तेच वाईट. मी म्हटलं, अगं स्टूल आणतो. ती म्हणाली, ‘रस्त्यात कुठं कुठं स्टूल घेऊन फिरणारायस?’ त्या दिवशी ती बसनं गेली आणि मी गाडीनं, एकटा, सपाट, रुंद, आरामशीर सीटवर. गुडघा अजिबात दुखला नाही.

सोमवारी चाचांकडं गेलो. त्यांनी ऐकून घेतलं, मान हलवली. ‘पहिल्यांदा सांगायचं ना, मागं कोण बसतंय ते. मी विचारलो नाही, माझीबी चूक.’ मागचा भाग त्यांनी दीड इंच खाली घेतला, मूळपेक्षाही खाली, डावीकडची कड गोल केली आणि साडीला अडकू नये म्हणून शिलाई उजवीकडं वळवली. पैसे अर्धेच घेतले. तेव्हापासून माझ्या गाडीला तो उलटा उतार आहे, ज्याला आमचे मित्र दिवाण म्हणतात.

टूरिंगच्या गप्पा ऐकल्या की वाटतं, गाडीवर कायम एकच माणूस असतो, जॅकेट घातलेला, समोर लडाख. आमच्याकडं गाडी लांब पल्ल्याला जाते ती आईला घेऊन मामाकडं, बहिणीला परीक्षेला कोल्हापूरला, आज्जीला डोळ्यांच्या डॉक्टरकडं. उंच माणसासाठी गाडी कशी करावी यावर कितीही सांगा, पण मागं बसणाऱ्याची उंची विचारल्याशिवाय सांगितलेला सल्ला अर्धवट आहे. मलाही तो अर्धवटच सुचला होता.

काही जण म्हणतात, एवढा खटाटोप कशाला, उंच गाडीच घे, कर्जावर मिळते. ज्यांना परवडतं त्यांनी घ्यावी. मी हप्त्याचा हिशेब केला, तो माझ्या वर्षाच्या फीच्या पुढं गेला. आणि उंच गाडीचीसुद्धा सीट बघावी लागते. काहींना टाकीच्या बाजूनं नळ्यांची चौकट असते, तिथं लांब माणसाचा गुडघा नेमका आपटतो. तेव्हा गाडी नवी असो की जुनी, घेण्याआधी दहा मिनिटं तिच्यावर स्टँडवर नुसतं बसा. दोन्ही पाय फूटरेस्टवर ठेवून. सेल्समन वैतागला तरी चालेल. चहा मागवा.

प्रथम वर्षातल्या मित्राला मी हे सगळं सांगितलं. त्यानं ऐकलं आणि सायलेन्सर लावला. पण परवा पार्किंगमध्ये भेटला तर उजवा गुडघा चोळत होता, आणि हळूच विचारलं, ‘दादा, त्या चाचांचं दुकान कुठल्या गल्लीत म्हणालास?’

घरी आता एक नवीनच भांडण आहे. धाकटा भाऊ अठराचा झाला, लायसन्स काढलं. उंची पाच फूट पाच. माझ्या सीटवर त्याची फक्त बोटं टेकतात. मूळची सीट पलंगाखाली पोत्यात गुंडाळून ठेवली होती ती बाहेर निघाली आहे. दहा नंबरचा पाना आणि दोन बोल्ट. रविवारी सकाळी तो बदलतो, संध्याकाळी मी परत बदलतो. गेल्या रविवारी त्यानं एक बोल्ट हरवला.